नंबर पुसलेली चिप

माझ्या मालकांच्या हातून सरांचा कॉम्प्युटर जळला, तेव्हा मी दुकानाच्या मागच्या खोलीत मणी ओवत बसले होते. आधी वास आला. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानामागे इतकी वर्षं संसार केला की जळण्याचे वास ओळखू यायला लागतात. वायरचा वेगळा असतो, ट्रान्सफॉर्मरचा वेगळा. हा तिखट होता आणि लगेच विरला. मी पडदा सारून बघितलं. मालक दोन्ही हात टेबलावरून उचलून तसेच अधांतरी धरून बसले होते. मला म्हणाले, "चहा ठेव." मी ठेवला. तो त्यांनी घेतला नाही.

तो कॉम्प्युटर आताच्यासारखा नव्हता. जाड पाटाएवढा एक कीबोर्ड आणि सगळं यंत्र त्याच्याच पोटात. मागून वायर काढून ती घरच्या टीव्हीला लावायची, मग टीव्हीवर अक्षरं उमटतात. सर सावेडीला राहतात, कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेले. ते रिक्षातून आले तेव्हा त्यांनी ते टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, लेकरू दवाखान्यात आणावं तसं. त्यांची मुलगी लहान असताना तिच्यासाठी त्यांनी तो घेतला होता. त्याच्यावर तिने पाढ्यांचा एक खेळ स्वतः तयार केला होता म्हणे. ती आता परदेशात असते आणि या दिवाळीला बऱ्याच वर्षांनी येणार होती. सरांना ते यंत्र तिच्यासमोर चालू करून दाखवायचं होतं. एवढंच त्यांचं मागणं.

मालकांनी मागचा पॉवरचा डबा तपासला आणि हसले. म्हणाले, "सर, हा आजारी न्हाईच. नुसता उपाशी हाय. पॉवर दिली की बोलंल."

सर खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी मालकांनी तो आपल्या टेबलावरच्या पॉवर सप्लायला जोडला. त्याच्या आधी त्या सप्लायवर कुणाचा तरी सेटटॉप बॉक्स लावलेला होता, त्याला बारा व्होल्ट लागतात. सरांच्या यंत्राला पाच लागतात. बटण बाराच्या खुणेवरच राहिलं होतं. तेवढ्यानेच झालं.

पुढचे काही दिवस त्यांनी ते यंत्र उघडून ठेवलं होतं. लहानसहान चिपा त्यांच्या डब्यात होत्या, त्या त्यांनी बदलल्या. पण मधली मोठी चिप, प्रोसेसर म्हणतात तिला, ती गेलेली होती. ती म्हणजे यंत्राचं डोकं. काळी, बोटभर लांब, दोन्ही अंगांना मिळून चाळीस पाय. पालथी ठेवली की मेलेली गोम वाटे. पाठीवर नंबर होता, पासष्ट शून्य दोन. मालक फोनवर इतक्यांदा तो नंबर सांगत होते की माझ्याही तोंडात बसला.

पुण्याचा ओळखीचा दुकानदार म्हणाला, "काका, ती आता म्युझियमात बघायला मिळंल." श्रीरामपूरला त्यांचा एक जुना सोबती होता, त्यानेही जुनी खोकी धुंडाळून नाही म्हणून कळवलं. मग त्यांनी मोबाईलवरून मागवली. पार्सल आलं त्या दिवशी ते सकाळपासून शटरपाशी उभे होते. आत दोन चिपा होत्या, पाठीवर पांढरा ठळक नंबर. मला वाटलं, झालं काम. पण मालकांनी आधी कापसाला थिनर लावून एकीची पाठ पुसली. कापूस काळा झाला. नंबर गेला, त्याच्याबरोबर वरचा काळा रंग गेला, आणि खालून घासल्याचे ओरखडे आणि दुसराच कसला तरी पुसट नंबर वर आला.

"बघ," ते म्हणाले. "दुसऱ्याच कुनाच्या अंगात हे कपडे घातल्यात."

दुसरीचंही तसंच निघालं.

त्यानंतर त्यांचं दुकानात बसणं कमी झालं. शटर अर्धं वर असायचं आणि ते मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. गल्लीतली एक बाई मिक्सर घेऊन आली. ते उठून बाहेर आले, मिक्सर हातात घेतला आणि परत तिच्या हातात दिला. "मला जमायचं न्हाई, दुसरीकडं दावा." मिक्सर त्यांना डोळे मिटून जमतो. सरांचा फोन आला की मोबाईल उलटा ठेवायचे. एकदा मला म्हणाले, तेही भिंतीकडे बघतच, "आलेली वस्तू बिघडवून परत दिली, असं आपल्या हातनं कधी झालं न्हाई." मला माणसांशी बोलायला सुचत नाही. घरच्या माणसाशीही सुचत नाही. मी चौथीपर्यंत शिकले, लिहायला मात्र येतं, आणि लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही.

मी सराफ बाजारातल्या एका दुकानाचं काळे मणी ओवायचं काम घरी आणते. मणी आणायला जाते तेव्हा दुकानं उघडायच्या बेतात असतात. त्याच वेळी एक झारेकरीण तिथे झाडत असते. झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानासमोरची, गटारीतली माती गोळा करून नेणारे लोक. ती माती ते घरी नेऊन धुतात आणि तिच्यातले सोन्याचे कण काढतात. ही बाई माझ्यापेक्षा वयाने मोठी, उंच, कमरेला पदर खोचलेला. मी तिला कित्येक वर्षं बघत होते. ती हसायची, मी मान खाली घालून पुढे जायची.

त्या दिवशी तिच्याजवळ मातीच्या घमेल्याशेजारी एक पोतं होतं आणि त्याच्या तोंडातून हिरव्या पट्ट्या बाहेर आल्या होत्या. मालकांच्या टेबलावर असतात तसल्या, चिपा लावलेल्या. मी उभी राहिले.

"काय बघती बाई?" ती म्हणाली. "काय पडलंय का तुजं?"

मी मान हलवली आणि निघाले. घरापर्यंत मनात तिला विचारायची वाक्यं जुळवत होते. घरी पोचल्यावर एकही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांना न सांगता ती जळलेली चिप रुमालात बांधून नेली. झारेकरीण गटारीपाशी बसली होती. मी तिच्यासमोर रुमाल उघडला.

"मावशी, असलं पायजे."

तिने झाडू खाली ठेवला. "अगं बया, तुला बोलता येतं व्हय? मी आपलं समजत हुते, मुकी हाय बिचारी. सोनाराला म्हनले बी हुते, तिला जरा चांगले मनी देत जा म्हनून."

मला हसू आलं. ते बघून तीही हसली.

"कशाला पायजे? सोनं काडाया?"

"न्हाई. आमच्या मालकांना कॉम्प्युटरात बसवायचंय."

"आमी लोकांच्या मशिनीतनं उपटून काडतो अन तू बसवाया नेती. आनि हे काय, असले तर लई येत्यात. पाय पिवळे असले की आमी घेतो, तेजाबात टाकतो. तुला यातलं कंचं पायजे?"

मी नंबरावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "मला वाचाया येत न्हाई. पर खून ध्यानात ठिवते. थांब." तिने चिप डोळ्यांजवळ नेली. "ही एक पोटुशी. ह्यो एक टोपीवाला. हे अंडं. आनि हे बदक. बरुबर?"

मी परत बघितलं. सहा, पाच, शून्य, दोन. अगदी तसंच होतं.

"बरुबर," मी म्हणाले.

चार-पाच दिवस मी रोज तिच्या समोरून जायची आणि ती लांबूनच मान हलवून नाही म्हणायची. मग एका सकाळी तिने मला हाक मारली आणि कमरेच्या पिशवीतून एक पुडी काढली. सोनार दागिना देतात त्या गुलाबी कागदाची पुडी होती. आत चिप. इतकी स्वच्छ की पाय रुप्याच्या तारेसारखे चमकत होते.

"लई घान हुती," ती म्हणाली. "राखंनं घासली, रिठ्याच्या पान्यात धुतली. तुज्या मालकाला म्हनावं, नवी नवरी दिलीया."

मी तिला चहा पाजला. टपरीवर उभं राहून दोघींनी घेतला. असं मी आधी कधी केलं नव्हतं.

घरी येऊन मी पुडी मालकांच्या समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. ते उठून बसले. चिप उजेडात धरली, पालथी केली, परत सुलटी केली. मग त्यांचा चेहरा उतरला.

"नंबर कुठाय?"

पाठ कोरी होती. काळी, गुळगुळीत, नुकत्या घासलेल्या तव्यासारखी. राखेने सगळं गेलं होतं.

"त्या मावशीनं बघितलं हुतं," मी म्हणाले. "अंडं आन बदक."

"बदक पासष्ट बावीसला बी असतंय, ती चिपच दुसरी. त्याला तर दोन हायत. आनि तिला वाचता येत न्हाई. मी तिच्या बदकावर सरांचं मशीन लावू? चुकीची बसवली तर जे उरलंय ते बी जळंल." त्यांनी चिप परत गुलाबी कागदात ठेवली, कागदाच्या घड्या नीट घातल्या आणि मला म्हणाले, "राहू दे आता. मी सरांना दिवाळी झाल्यावर काय ते सांगतो." मग आडवे झाले.

त्यांचं बरोबर होतं. पण ते पाठमोरे पडल्यावर त्यांच्या बनियनची शिवण उसवलेली दिसली. एरवी असं काही झालं की ते स्वतःच सुईदोरा घेऊन बसतात, माझी वाट बघत नाहीत. मी चप्पल घातली.

झारेकरणीचं घर सीना नदीच्या कडेला, पत्र्याचं आहे. विचारत विचारत गेले. रस्त्यावरच्या माणसाला पत्ता विचारायचा म्हणजे मला नको वाटतं, तरी विचारला. ती दारात टोपल्यात माती हलवत बसली होती. मी सांगितलं की नंबर धुऊन गेला.

तिचे हात थांबले. "घानेरडी दिली असती तर म्हनली असती, कसली बाई हाय. धुवून दिली तर नंबर गेला म्हनती. आमचं कामच धुवायचं हाय. सोनं धुतल्यानं कमी हुतंय व्हय?"

"तुमचं काय चुकलं न्हाई मावशी. मालकांना खात्री पायजे. ती चिप ज्याच्यातनं काढली, ते कुठाय?"

"ढिगात. आज तेजाबात जायाचा हाय ढीग." ती अजून रुसलेलीच होती, पण उठली. मागच्या बाजूला निळा ड्रम होता आणि त्याच्याजवळ पट्ट्यांचा ढीग. दोघी ढिगाजवळ बसलो. ती एकेक पट्टी उचलायची, म्हणायची, "ही न्हाई, ही न्हाई," आणि बाजूला फेकायची. मग एक पत्र्याचा डबा आला, अर्धा उघडलेला. तिने हात लावायच्या आधीच मला तो ओळखू आला.

त्याच्या तोंडावर काचेची लांब पट्टी होती. तिच्यात वीज आली की लाल आकडे उमटतात. साखर कारखान्याच्या काट्यावरचा डबा होता तो, उसाची गाडी तोलायचा.

माझे आईबाप पाथर्डीकडचे. दसरा झाला की आमची टोळी राहुरीकडे ऊस तोडायला यायची. मी चौथी पास झाले त्या वर्षी थोरलं कुणी घरी थांबायला उरलं नाही, म्हणून मीही टोळीबरोबर आले आणि पुन्हा शाळेत बसले नाही. गाडी काट्यावर चढली की बाप मला उसावरच बसून राहायला सांगायचा. काटाघराच्या खिडकीतून तो डबा वरून दिसायचा. आकडे निखाऱ्यासारखे पेटायचे, जरा थरथरायचे आणि मग एका ठिकाणी थांबायचे. बाप खालून विचारायचा, "काय आलं गं?" मास्तरांनी मला मराठी आकडे शिकवले होते. इंग्रजी आकडे मी त्या काट्यावर शिकले, आकडा विझायच्या आत वाचायला लागायचा म्हणून. मी सांगायची. बाप त्याचं काही करायचा नाही. फक्त संध्याकाळी भाकरी खाताना आईला तो आकडा सांगायचा, आणि आई म्हणायची, "बरं आलं की."

मी तो डबा मांडीवर घेतला. कोपऱ्यांत हळदकुंकू चिकटून घट्ट झालं होतं. हंगाम सुरू होताना काट्याची पूजा करतात, नारळ फोडतात, त्याचं पाणी आत गेलेलं असणार. दर हंगामाचं कुंकू एकावर एक बसलं होतं.

"ह्याच्यातनंच काडली," झारेकरीण म्हणाली. "ही बघ रिकामी जागा."

तिथे चाळीस भोकांची रिकामी बैठक होती. तिच्या शेजारी तसलीच एक चिप अजून बसलेली होती, धुळीने माखलेली. मी पदराने पुसली. सहा, पाच, आणि मग दोनदा दोन.

"ह्याला दोन बदकं हायत," मी म्हणाले.

तिने वाकून बघितलं. "मग? म्हनून तर ती सोडली न मी. तू अंड्यावाली मागितली हुतीस. मला काय येडी समजती का?" आता तिचा राग गेला होता. डबा जड होता, तिने तो पोत्यात घालून माझ्या खांद्यावर दिला. "चाललं तर सांगाया ये. मला बी कळू दे, बदक जितं हाय का मेलं."

मी घरी आले तेव्हा मालक उठलेले नव्हते. मी डबा टेबलावर ठेवला. त्या आवाजाने ते बाहेर आले. आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझी साडी मातीने भरली होती. मग त्यांनी चष्मा लावला.

त्यांनी मीटर काढला. मला म्हणाले, "मी टोचतो, तू पाय मोजत जा. हिकडनं." मी रिकाम्या बैठकीची भोकं मोजत गेले. पहिल्याला मीटर वाजला. "जमीन," ते म्हणाले. अर्थिंगला ते जमीन म्हणतात. मग पुढे. आठव्याला त्यांनी दुसरी वायर लावली आणि पाचच्या लायनीशी जुळवून बघितलं. "पॉवर." मग खालून वळून दुसऱ्या अंगाला. एकविसाव्याला परत मीटर वाजला. ते थांबले. मला परत मोजायला लावलं. मी परत मोजलं, एकविसावाच होता.

"पैल्याला जमीन, आठव्याला पॉवर, परत एकविसाव्याला जमीन," ते म्हणाले. "ही पासष्ट शून्य दोनचीच जागा हाय. बावीसची अशी नसती." मग शेजारची दोन बदकांची चिप त्यांनी बघितली, खुर्चीला पाठ टेकली, आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "तुझी मावशी बरुबर हाय."

मग त्यांनी धुतलेली चिप सरांच्या यंत्रात दाबली. एक पाय आत दुमडला, तो चिमट्याने सरळ करून परत बसवली. मग त्यांनी पॉवर सप्लायचं बटण पाचावर आणलं, मीटरने बघितलं, परत बघितलं, आणि मलाही बघायला लावलं. मी बघितलं. पाच होते. त्यांनी सुरू केलं.

टीव्ही थोडा वेळ काळाच होता. मग टुक असा आवाज झाला, वर एक ओळ उमटली आणि तिच्याखाली एक छोटा चौकोन लुकलुकायला लागला. मालकांनी एक बटण दाबलं. ते अक्षर टीव्हीवर आलं. दुसरं दाबलं, तेही आलं. मग ते नुसतेच बटणं दाबत बसले, काही अर्थ नव्हता त्यात.

सकाळी मी मणी आणायला गेले तेव्हा झारेकरणीला सांगितलं, बदक जितं आहे. ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, "मग, धुवून दिलं हुतं मी." सोनाराने दुकानातून डोकं बाहेर काढून बघितलं. मला लाजल्यासारखं झालं, पण मी तिथून पळाले नाही.

घरी मी मालकांना म्हणाले, "आता झालंय ना नीट. मग जळलं हुतं ते सांगायची काय गरज हाय? आणलं तसं चालू करून द्यायचं." मला खरंच तसं वाटत होतं. सरांना दुःख देऊन काय मिळणार, आणि इतक्या दिवसांनी बाहेर आलेला माणूस परत भिंतीकडे तोंड करून पडला तर मी काय करणार होते. दुपारी त्यांनी मोबाईल सुलटा केला आणि सरांना फोन लावला.

सर लगेच आले. मी पडद्याआड उभी होते. मालकांनी यंत्र सुरू करून दिलं. सर स्टुलावर बसले, दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं आणि टीव्हीवर सातचा पाढा सरसर खाली उतरला. सर लहान मुलासारखे वर बघत होते. म्हणाले, "वा. काय झालं होतं?"

मालक म्हणाले, "पॉवरचा डबा गेलता. तो नवा केला." मला वाटलं, संपलं. पण ते तसेच उभे राहिले. "पन सर, मधी माझ्या हातनं तुमचं मशीन जळलं. बटण बारावर राहिलं हुतं. प्रोसेसर गेला. हा दुसरा बसवलाय. जुना हाय, खरा हाय, पन तुमचा न्हाई."

सरांची बोटं कीबोर्डवरच राहिली. पाढा संपून खाली चौकोन लुकलुकत होता. मी पडदा घट्ट धरला होता.

"कधी झालं हे?" सर म्हणाले.

"तुम्ही ठेवून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणून फोन घेत नव्हता."

"व्हय."

"मला वाटलं, तुम्ही गेलात की काय. तुमच्या शेजारच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, आहेत, पण मिक्सरसुद्धा घेत नाहीत. तेव्हाच म्हटलं, काहीतरी बिनसलंय. यायचा विचार केला होता. मग म्हटलं, माणूस सांगायचं ते सांगेल." त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मग म्हणाले, "आता आत कुणाचं डोकं आहे?"

"उसाच्या काट्याचं. ही घेऊन आली." मालकांनी पडद्याकडे हात केला, तेव्हा मला बाहेर यावं लागलं.

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, म्हणजे आता हे बेरजा करताना काट्यासारखं बोलणार. माझ्या मुलीला विचारणार, गाडी रिकामी की भरलेली?"

मला हसू आवरलं नाही. मालक हसले नाहीत. म्हणाले, "सर, तुम्हाला दुसरीकडं दावायचं असलं तर दावा. मी काय म्हननार न्हाई."

सरांनी हात झटकला. यंत्र बंद केलं, टॉवेल उघडला, आणि मग टॉवेल परत घडी करून मांडीवर ठेवला. "मला दुसरीच अडचण आहे. कशी सांगावी, हेच कळत नव्हतं. आमच्या घरी तो भिंतीवरचा पातळ टीव्ही आहे. त्याला ही वायर लागतच नाही. काल मी मागून सगळीकडे बघितलं. मुलगी येईल तेव्हा तिला काय दाखवणार? असला जुना टीव्ही आता फक्त तुमच्याकडे आहे. दिवाळी होईपर्यंत हे इथेच राहू दिलं तर चालेल का? मी तिला इथे घेऊन येतो."

मालक म्हणाले, "माझ्याकडं ठिवता?"

"मग कुणाकडे ठेवू?"

सर रिक्षा बघायला बाहेर गेले. टॉवेल त्यांनी यंत्रावर घालून ठेवला होता. मालकांनी स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं, टेबलाभोवतीची खोकी पायाने सरकवली आणि मला म्हणाले, "अगं, ह्या टेबलाचं तिकडलं टोक धर. अजून हात-दोन हात मागं घेऊ. दोन खुर्च्या बसल्या पायजेत."

मी धरलं. टेबल जड होतं, आम्ही ते हळूहळू ओढत मागच्या भिंतीला लावलं.